‘टायसनने अलीला तीन फेऱ्यांत झोपवलं असतं’ या दाव्यात दम किती?

अटलांटिक सिटी, २७ जून १९८८. तोवर एकही लढत न हरलेला बॉक्सर मायकेल स्पिंक्स ९१ सेकंदांत आडवा झाला. माईक टायसनची ही चित्रफीत आजही रोज कुठे ना कुठे फिरत असते आणि तिच्याखाली एक वाक्य ठरलेलं असतं: ‘ऐन भरातल्या टायसनने मुहम्मद अलीला तीन फेऱ्यांत झोपवलं असतं.’ कारणंही तीच ती. एवढा जोराचा ठोसा अलीने कधी खाल्लाच नव्हता. डाव्या हुकसमोर, म्हणजे कडेने वळून येणाऱ्या डाव्या ठोशासमोर, अली पडतो, हे त्याचे प्रतिस्पर्धी कूपर आणि फ्रेझर यांनी दाखवून दिलं. होम्स आणि बर्बिक यांनी अलीला हरवलं आणि टायसनने त्या दोघांना चिरडलं. अलीच्या काळातले हेवीवेट, म्हणजे सर्वांत जड वजनगटातले बॉक्सर, लहान चणीचे होते. टायसन हरला तो त्याचा भर ओसरल्यावर. कॉम्प्युटरही टायसनलाच कौल देतो. आणि सगळ्यात शेवटी, खुद्द अलीनेच ते कबूल केलं होतं.

टायसन मला मनापासून आवडतो. १९८६ ते १९८८ या काळातली त्याची डोक्याची हालचाल, आत शिरण्याचा वेग आणि एकाच हाताने आधी बरगडीत व लगेच हनुवटीवर ठोसा देण्याची पद्धत हेवीवेटमध्ये क्वचितच कोणाला साधली. पण हा दावा अलीवर अन्याय करतो, आणि ज्यांनी अलीला खरोखर झुंजवलं त्या माणसांवर त्याहून मोठा.

आधी ठोशाच्या जोराचं बघू. सनी लिस्टनने फ्लॉइड पॅटरसनला १९६२ आणि १९६३मध्ये, दोन्ही वेळा पहिल्याच फेरीत झोपवलं होतं. तोच लिस्टन फेब्रुवारी १९६४मध्ये २२ वर्षांच्या अलीसमोर सातव्या फेरीसाठी स्टुलावरून उठला नाही. जॉर्ज फोरमन अलीशी लढायला आफ्रिकेत किन्शासाला आला तेव्हा त्याने ४०पैकी ४० लढती जिंकल्या होत्या आणि त्यातल्या ३७ नॉकआउटने. जानेवारी १९७३मध्ये त्याने जो फ्रेझरला दोन फेऱ्यांत सहा वेळा खाली पाडलं, पुढच्या वर्षी केन नॉर्टनलाही दोनच फेऱ्यांत संपवलं. हे ठोसे अलीने ३० ऑक्टोबर १९७४च्या पहाटे, दोरांना टेकून, अंगावर आणि दंडांवर घेतले आणि आठव्या फेरीत फोरमनला पाडलं. तेव्हा तो ३२ वर्षांचा होता, पायातला जुना वेग संपला होता. एर्नी शेव्हर्सशी सप्टेंबर १९७७मध्ये लढताना तर तो ३५ वर्षांचा होता. दुसऱ्या फेरीत शेव्हर्सच्या उजव्या ठोशाने तो हादरला, पण आपल्याला काही झालेलंच नाही असा आव आणत निभावला आणि १५ फेऱ्या लढून गुणांवर जिंकला. त्याच शेव्हर्सने दोन वर्षांनी ऐन भरातल्या लॅरी होम्सला जमिनीवर आणलं होतं, तेव्हा शेव्हर्सच्या हातात काय होतं याबद्दल शंका नको.

हे सगळं अलीचं मोठेपण म्हणून सांगताना जीव कळवळतो. शेव्हर्सच्या लढतीनंतर अलीचे डॉक्टर फर्डी पाचेको त्याला सोडून गेले, कारण या माराची किंमत त्यांना दिसत होती आणि अली थांबायला तयार नव्हता. किंमत पुढे त्याने मोजलीच. पण ‘असा ठोसा त्याने खाल्लाच नव्हता’ असं म्हणणाऱ्याने निदान त्याने काय काय खाल्लं ते पाहावं. ६१ लढतींत अली एकदाच मुदतीआधी हरला, तोही ३८व्या वर्षी, होम्सविरुद्ध, त्याच्या कोपऱ्यातल्या माणसांनी लढत थांबवली म्हणून. दहा आकड्यांच्या मोजणीत तो कधीच बाद झाला नाही.

डाव्या हुकचा मुद्दा मात्र खरा आहे. या दाव्यातला हा सगळ्यात वजनदार भाग, म्हणून त्यावर थोडं थांबू.

अली हात खाली ठेवायचा आणि ठोसा आला की मान मागे न्यायचा. सरळ येणाऱ्या ठोशापुढे हे चालतं, पण कडेने वळून येणारा हुक मागे नेलेल्या हनुवटीलाही गाठतो. जून १९६३मध्ये वेम्बलीला हेन्री कूपरने चौथ्या फेरीच्या अखेरीस असंच गाठलं. अली दोरांवरून घसरत खाली बसला आणि घंटेने वाचला. पुढच्याच फेरीत कूपरचा डोळा इतका फाटला की लढत थांबवावी लागली. ८ मार्च १९७१ला मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये फ्रेझरचा डावा हुक पंधराव्या फेरीत बसला. अली सपशेल पाठीवर पडला.

पण कितव्या फेरीत? पंधराव्या. लष्करात भरती व्हायला नकार दिल्यामुळे साडेतीन वर्षं रिंगबाहेर काढलेला अली, परतल्यावर केवळ दोन लढती खेळलेला, आणि समोर आयुष्यातल्या सर्वोत्तम रात्रीचा फ्रेझर. तो हुक नेमका बसवण्यासाठी फ्रेझरला १४ फेऱ्या झिजावं लागलं, शेकडो ठोसे खावे लागले. अकराव्यात त्याने अलीला डगमगवलं आणि पंधराव्यात पाडलं. अली क्षणात उठला आणि फेरी संपेपर्यंत उभा राहिला. या प्रसंगावरून ‘टायसनने हे काम तीन फेऱ्यांत केलं असतं’ असं म्हणणं म्हणजे फ्रेझरच्या त्या रात्रीला तीन फेऱ्यांची किंमत देणं.

फ्रेझर आणि टायसन दोघेही बुटके, दोघेही आत शिरणारे, दोघांचाही डावा हात भयंकर. म्हणून लोक त्यांना एकाच मापाने मोजतात. वास्तविक फ्रेझरचा जोर फेरीगणिक वाढत जायचा. चौथ्या-पाचव्या फेरीत तो तापायला लागायचा आणि त्याचे हात क्षणभर थांबत नसत. टायसनचं उलटं. तो स्फोटासारखा यायचा, तीन-चार ठोशांचा झपाटा लावायचा, आणि समोरच्याने मिठी मारली की रेफरी सोडवेपर्यंत बहुतेकदा थांबायचा. त्याच्या भरातल्या वर्षांतच चौघांनी त्याला शेवटच्या घंटेपर्यंत नेलं. मे १९८६मध्ये जेम्स ‘क्विक’ टिलिसने हलत, फिरत आणि उलट ठोसे देत दहा फेऱ्या काढल्या. त्याच महिन्यात उंच मिच ग्रीननेही दहा काढल्या. मार्च १९८७मध्ये ‘बोनक्रशर’ स्मिथ बारा फेऱ्या नुसता धरून बसला, आणि ऑगस्टमध्ये टोनी टकरने जॅब (पुढच्या हाताचा सरळ ठोसा), मिठी आणि पाय यांच्या बळावर बारा पूर्ण केल्या. जिंकला टायसनच, चारही वेळा. पण या चौघांतल्या एकालाही कोणी अलीच्या पंगतीत बसवणार नाही.

इथे एक लढत आठवावी, जिची चित्रफीत कोणी पुढे पाठवत नाही, कारण ती दिसायला सुंदर नाही: अली-फ्रेझर दुसरी, जानेवारी १९७४, १२ फेऱ्या. पहिल्या लढतीतून अली धडा शिकला होता. दोन झपाटे मारायचे, फ्रेझर आत आला की मानेमागे हात टाकून त्याचं डोकं खाली ओढायचं, घट्ट धरायचं, सुटलं की पुन्हा दूर. मान धरून ओढणं नियमात बसत नाही, पण रेफरीने ते चालवून घेतलं आणि अली स्पष्ट गुणांनी जिंकला. स्मिथने टायसनला धरलं ते जीव वाचवायला, अलीने फ्रेझरला धरलं ते जिंकायला, कारण दोन मिठ्यांच्या मधल्या वेळात ठोसे अलीचे बसत होते. ६ फूट ३ इंच उंचीच्या आणि हातांच्या ७८ इंच पल्ल्याच्या अलीने ५ फूट १० इंच उंचीच्या आणि ७१ इंच पल्ल्याच्या टायसनविरुद्ध हेच केलं, तर तीन फेऱ्यांत काय घडेल? फारसं काही घडणार नाही. आणि टायसनसाठी वाईट बातमी तीच आहे.

टायसन ज्या घडणीतून आला ती अलीला परकीही नव्हती. गालांशी हात ठेवून डोकं डोलावत आत शिरण्याची ती ‘पीक-अ-बू’ पद्धत टायसनचे प्रशिक्षक कस डीअमाटो यांची, आणि टायसनच्या खूप आधी ती घेऊन जगज्जेता झाला होता फ्लॉइड पॅटरसन. हेवीवेटचा सर्वांत तरुण विजेता हा मान टायसनने १९८६मध्ये घेतला तो पॅटरसनकडूनच. अलीने पॅटरसनला १९६५मध्ये बाराव्या फेरीत आणि १९७२मध्ये सातव्या फेरीत हरवलं. पॅटरसन टायसनपेक्षा बराच हलका होता आणि पहिल्या लढतीत त्याची पाठही दुखावलेली होती, म्हणून मी याला पुरावा म्हणणार नाही. पण ‘अशी शैली अलीने पाहिली नव्हती’ हे वाक्य तरी खोडून टाका.

‘होम्सने अलीला, टायसनने होम्सला’ ही साखळी फार वेळ घेण्यासारखी नाही. ऑक्टोबर १९८०मध्ये अली दोन वर्षांच्या खंडानंतर होम्ससमोर उभा राहिला तेव्हा ३८ वर्षांचा होता. जानेवारी १९८८मध्ये होम्स पावणेदोन वर्षांच्या खंडानंतर टायसनसमोर उभा राहिला, तोही ३८ वर्षांचा. दोन्ही लढतींतून कळतं ते एवढंच, की गंजलेला ३८ वर्षांचा माणूस भरातल्या विजेत्याला पुरा पडत नाही. बर्बिकशी हरला तेव्हा अली चाळिशीला महिनाभर कमी होता आणि पार्किन्सनचं निदान तीन वर्षांवर आलेलं होतं. साखळीच लावायची तर नॉर्टनने अलीला हरवलं, फोरमनने नॉर्टनला दोन फेऱ्यांत संपवलं आणि अलीने फोरमनला पाडलं. लावा आता गणित.

चणीचं म्हणाल तर आकडे समोर आहेत. स्पिंक्सविरुद्ध टायसनचं वजन सुमारे ९९ किलो होतं, लिस्टनचं १९६४मध्ये तेवढंच आणि फोरमनचं किन्शासात शंभराच्या आसपास. अली १९६६मध्ये ९६ किलोंचा होता. या जोडीत लहान चणीचा कोण असेल तर टायसन, आणि एवढ्या उंचीत त्याने जे केलं त्याचं खरं कौतुक तिथेच आहे.

आता ‘भर’. फेब्रुवारी १९९०मध्ये टोकियोत बस्टर डग्लसने दहाव्या फेरीत टायसनला झोपवलं, तो भरातला टायसन नव्हताच, असं सांगतात. प्रशिक्षक केव्हिन रूनी १९८८च्या अखेरीस दुरावले होते, तयारी ढिसाळ होती, हे मान्य. पण रूनींशिवाय त्याने १९८९मध्ये फ्रँक ब्रूनोला पाच फेऱ्यांत आणि कार्ल विल्यम्सला ९३ सेकंदांत संपवलं, आणि त्या दोन्ही चित्रफिती ‘भरातला टायसन’ म्हणूनच फिरतात. टोकियोत तो २३ वर्षांचा होता. जिंकला की भर आणि हरला की भर ओसरला, असं ठरवलं तर कोणीच कधी हरणार नाही. डग्लसने काही जादू केली नाही. लांब जॅब, त्यामागून उजवा, जवळ आला की मिठी. आठव्या फेरीत टायसनच्या अपरकटने, म्हणजे खालून वर येणाऱ्या ठोशाने, तो पडलाही, पण उठला आणि पुन्हा जॅब मारायला लागला. उलट टायसन सगळ्या कारकिर्दीत खाली पडल्यावर उठून एकही लढत जिंकू शकला नाही. अलीने कूपरविरुद्ध ते केलं, त्याआधी १९६२मध्ये सनी बँक्सविरुद्धही केलं होतं.

कॉम्प्युटरचा कौल ही तर जुनी गोष्ट. मरी वोरोनर नावाच्या निर्मात्याने १९६७मध्ये कॉम्प्युटरच्या आधारे सार्वकालिक हेवीवेट स्पर्धा रेडिओवर खेळवली. त्यात अली जुना जगज्जेता जिम जेफ्रीजकडून हरला आणि चिडून त्याने खटला भरला. पुढे वोरोनरनेच अली आणि माजी जगज्जेता रॉकी मार्सियानो यांना रिंगमध्ये उभं करून वेगवेगळे शेवट चित्रित केले. जानेवारी १९७०मध्ये अमेरिकेतल्या प्रेक्षकांनी मार्सियानो तेराव्या फेरीत जिंकलेला पाहिला, तर युरोपात दाखवलेल्या आवृत्तीत अली जिंकला. आजचं यंत्र अधिक हुशार असेल, पण त्यात कोणत्या वर्षाचा अली भरायचा हे अजूनही माणूसच ठरवतो.

राहिलं अलीचं ‘कबूल’ करणं. १९८९ साली आर्सेनियो हॉलच्या अमेरिकन टीव्हीवरच्या गप्पांच्या कार्यक्रमात अली आणि टायसन शेजारी बसले होते. अलीने आपण चपळ होतो, एवढे ताकदवान नव्हतो असं सांगितलं आणि टायसनचा ठोसा बसला तर काय होईल याचा मान टाकून अभिनय केला. प्रेक्षक हसले. लगेच टायसनने गंभीरपणे सांगितलं की इथे प्रत्येकाने मान लववावी, सर्वश्रेष्ठ हाच. पहिला तुकडा कापून फिरवायचा आणि दुसरा गाळायचा, हे दोघांशीही बेइमानीचं आहे. एक मोठा खेळाडू आपल्यानंतरच्या विजेत्याला मान देत होता आणि दुसरा तो मान परत करत होता.

माझं मत विचाराल तर नोव्हेंबर १९६६चा अली, ज्याने ह्यूस्टनमध्ये क्लीव्हलंड विल्यम्सला तीन फेऱ्यांत संपवलं, जून १९८८च्या टायसनला दहापैकी सात वेळा हरवेल, बहुतेकदा गुणांवर, कधी नवव्या-दहाव्या फेरीत. पहिल्या चार फेऱ्या अलीसाठी धोक्याच्या असतील आणि टायसन जिंकला तर तिथेच जिंकेल. कूपरसमोरचा २१ वर्षांचा अली मात्र टायसनपुढे टिकला नसता, त्याला वाचवायला घंटा दर वेळी वेळेवर वाजली नसती. सप्टेंबर १९७६मध्ये नॉर्टनविरुद्ध यांकी स्टेडियममध्ये कसाबसा तरलेला अलीही नाही. या दोन लढतींत मी टायसनच्या बाजूने उभा राहीन.