सूत्राची एवढी घाई कशाला?

चौथी-पाचवीच्या कुठल्याही पोराला विचारा, क्षेत्रफळ म्हणजे काय? धाडकन उत्तर येतं, "लांबी गुणिले रुंदी". आता त्यालाच कोऱ्या कागदावर 6 सेमी बाय 4 सेमीचा आयत काढून द्या आणि सांगा, आत 1 सेमीच्या चौकटी आखून दाखव. मी प्राथमिकला शिकवते, दरवर्षी हे बघते. कोणी कडेकडेने चौकटी काढत जातं आणि मधली जागा मोकळीच राहते, कोणाच्या वरच्या रांगेत सहा तर खालच्या रांगेत सात, कोणी एकेक चौकट सुटी काढतं आणि मधे फटी पडतात. सूत्र तोंडपाठ, पण 24 म्हणजे 24 काय ते माहीत नाही!

एका मुलीने मात्र पट्टी लावून वरच्या कडेवर आणि बाजूला खुणा केल्या, आडव्या-उभ्या रेघा ओढल्या आणि एकही चौकट न मोजता म्हणाली, "बाई, सहाच्या चार रांगा झाल्या ना". तिला सूत्र अजून कोणी सांगितलंच नव्हतं, आणि तरी क्षेत्रफळ तिला पक्कं कळलं होतं.

परिमितीचा घोळ पण त्यातूनच होतो. पाठ केलेली दोन सूत्रं, परीक्षेत कुठलं लावायचं हे पोरं अंदाजाने ठरवतात. मी 20 सेमी दोऱ्याची टोकं बांधून देते आणि चौकटीच्या वहीवर आयत करायला लावते. 9 बाय 1 केला की आत 9 चौकटी, 7 बाय 3 केला की 21, आणि 5 बाय 5 ला थेट 25. मग प्रश्न येतोच, दोरा तेवढाच तर जागा कशी वाढली? यावर वर्गात जी भांडणं होतात ना, ती मला दहा गणितांपेक्षा मोलाची वाटतात.

एल आकाराची आकृती दिली की काहीजण तिचे दोन आयत पाडून बेरीज करतात, एखादा तुटलेला कोपरा भरून मोठा आयत करतो आणि कोपरा वजा करतो. दोन्ही बरोबर. पण गाईडमध्ये एकच रीत असते म्हणून घरी दुसरी खोडून टाकतात, याचा मला मनापासून राग येतो.

शिष्यवृत्तीची तयारी जरूर करून घ्या, पण शाळेच्या चाचणीत एक तरी प्रश्न असा ठेवा ज्यात आकडे दिलेलेच नाहीत, नुसती आकृती आणि पोराच्या हातात पट्टी.