सांचो ‘पाळीव’ होता का? एका प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार,

इग्नेशियस सांचो, म्हणजे अठराव्या शतकातल्या लंडनमधला काळा पत्रलेखक, संगीतकार आणि दुकानदार; त्याच्यावरच्या माझ्या लेखावर तुम्ही सणसणीत प्रतिक्रिया दिलीत. ती दोन ओळींत उरकण्यासारखी नाही, म्हणून सविस्तर लिहितो. तुमचं म्हणणं थोडक्यात असं : सांचो हा अठराव्या शतकातल्या इंग्रज सरदारांनी पोसलेला ‘पाळीव’ काळा माणूस, त्याची पत्रं गोडबोली, त्याचं संगीत दिवाणखान्याची करमणूक. वर तो साखर आणि तंबाखू विकायचा, म्हणजे आपल्याच माणसांच्या घामावर जगायचा. आणि मराठी वाचकाला या सगळ्याचं काय?

आधी ‘पाळीव’. सांचोचा पहिला चरित्रकार जेकिल सांगतो, की ज्यांच्याकडे तो गुलाम होता त्या ग्रिनिचच्या तीन बहिणींच्या घरून पळून तो माँटेग्यूच्या डचेसच्या (बड्या सरदारपत्नीच्या) दारात गेला, तेव्हा तिने आधी त्याला हाकलूनच दिलं होतं. मग बटलर म्हणून ठेवून घेतलं, आणि मरताना ७० पौंड रोख व वर्षाला ३० पौंड त्याच्या नावे केले. ते पैसे पठ्ठ्याने पत्ते आणि नाटकं यांत उडवले. (मला हा भाग फार आवडतो. आदर्श माणूस शोधायला येणाऱ्यांची इथे पंचाईत होते.)

आश्रय नसलेल्या काळ्या कलावंताचं काय व्हायचं, तेही पाहा. जोसेफ एमिडी लिस्बनच्या ऑपेरात व्हायोलिन वाजवायचा. १७९५ मध्ये इंग्रज कप्तान पेल्यूच्या माणसांनी त्याला व्हायोलिनसकट उचलून जहाजावर नेलं. कशासाठी? खलाशांना नाचायला सूर हवे होते! १७९९ मध्ये इंग्लंडमधल्या फॅलमथला सुटका होईपर्यंत हा ऑपेरातला वादक डेकवर नाचाच्या चाली वाजवत होता. पुढे कॉर्नवॉलमध्ये त्याने शिकवण्या केल्या, मैफली बसवल्या, स्वतः रचना केल्या. एका शिष्याने त्या लंडनला नेल्या. तिथल्या जाणकारांनी त्या खाजगीत वाजवून घेतल्या, वाखाणल्या. पण त्याला जाहीर मैफलीला आणायचं नाही असं ठरलं, कारण त्याच्या रंगामुळे ती पडेल. त्याऐवजी वर्गणी काढून पाठवली. त्याच्या रचनांपैकी आज एकही हाती लागत नाही. सांचोचे मिन्युएट आणि कंट्री डान्स (नाचांच्या चाली) मात्र छापले गेले, म्हणून आजही वाजतात. दिवाणखान्याला नावं ठेवताना एवढं लक्षात असू द्या.

आता ‘गोडबोली’ आणि ‘मराठी वाचकाला काय’. या दोन्हींना उत्तर एकाच पत्रात आहे, आणि ते पत्र तुम्ही वाचलेलं दिसत नाही. जॅक विंग्रेव्ह नावाचा सांचोच्या ओळखीतला तरुण मुंबईत होता. १७७६-७७ मध्ये त्याने वडिलांना कळवलं, की इथले लोक बहुतेक ‘काळे’, ढोंगी आणि दगलबाज आहेत, फार जपून राहावं लागतं. हो, आपली मुंबई! आणि साल कुठलं? मुंबईकर इंग्रजांनी १७७५ मध्ये राघोबादादांशी सुरतेचा तह केला, कलकत्तेकरांनी तो मोडीत काढला आणि १७७६ मध्ये पुण्याशी पुरंदरचा तह केला. कुणी कुणापासून जपायचं होतं, हे पेशवाईचा इतिहास वाचलेल्याला सांगायला नको.

सांचोने १७७८ मध्ये विंग्रेव्हला उत्तर लिहिलं. सुरुवात अगदी प्रेमाची, थोरल्याने धाकट्याला समजवावं तशी. त्या लोकांना हे दुर्गुण शिकवले कुणी, ते आठव, असं तो म्हणतो. तुमच्या देशाचं वागणं पूर्वेकडे, वेस्ट इंडीजमध्ये आणि आफ्रिकेतल्या गिनीच्या किनाऱ्यावर सारखंच दुष्टपणाचं राहिलं आहे. इंग्रज दर्यावर्दींना हवा असतो तो पैसा, पैसा आणि पैसा. वेस्टमिन्स्टरच्या एका वाण्याने गुलामांचा धंदा आणि कंपनीचा कारभार एकाच वाक्यात बसवला, तोही मुंबईकरांची बाजू घेत. याला लाचारी म्हणायचं असेल तर माझा इलाज नाही. तो गोड बोलतो हे खरं, पण म्हणूनच तर ते पत्र पूर्ण वाचलं जायचं.

साखरेचा मुद्दा मात्र सोपा नाही. १७७४ मध्ये चार्ल्स स्ट्रीटवर त्याने दुकान थाटलं, आणि चहा, साखर, तंबाखू विकली. त्या साखरेमागे कोण राबत होतं हे त्याला पुरतं ठाऊक होतं. साखरेवर बहिष्काराची हाक १७९१ ची, त्याच्या मृत्यूनंतर अकरा वर्षांनी आलेली; पण तेवढ्यावर त्याची सुटका करायला मी तयार नाही. त्याच मुंबईच्या पत्रात तो म्हणतो, की सचोटीचा व्यापार जिथे पोचेल तिथे आशीर्वादच ठरेल. तुम्हाला ही पळवाट वाटेल. मला ती प्रामाणिक श्रद्धा वाटते, फक्त गल्ल्यावरच्या साखरेशी न जुळणारी. पण याच दुकानाने त्याला वेस्टमिन्स्टरमध्ये कर भरणारा घरमालक केलं आणि मताचा हक्क दिला. १७७४ आणि १७८० अशा दोन्ही निवडणुकांत त्याने मत दिलं. दुसऱ्या खेपेस त्याचं एक मत चार्ल्स जेम्स फॉक्सला गेलं. १८०६ मध्ये गुलामांचा व्यापार बंद करण्याचा ठराव पार्लमेंटात मांडला, तो याच फॉक्सने.