‘एका रात्रीत चार किलो’: भाच्याच्या मोबाइलवर आलेल्या मेसेजला उत्तर

मंगळवारी रात्री साडेनऊला दुकानाचं शटर अर्धं ओढलं होतं, तेवढ्यात भाच्याचा फोन आला. "मामा, लघवीची गोळी असती का तुझ्याकडं? परवा वजन हाय." पोरगं पंधरा वर्षांचं, नववीत. तीन वर्षं तालमीत कुस्ती शिकतंय, आणि गुरुवारच्या स्पर्धेत ४८ किलोच्या गटात बसायला त्याला साडेतीन किलो उतरवायचे होते. माझं औषधांचं दुकान असल्यामुळं नातेवाईक डोकेदुखीपासून सगळ्याला मलाच विचारतात, पण या प्रश्नानं माझे हातपाय गार पडले. कुणी सांगितलं म्हणून विचारलं, तर त्यानं एक मेसेज पुढं ढकलला. नंतर कळलं की तो कोल्हापूर-सांगलीकडच्या तालमींच्या कितीतरी ग्रुपांवर फिरतोय, आणि मोठी माणसं त्याला अंगठे देतायत.

मेसेजचा मजकूर थोडक्यात असा: ‘परदेशी संशोधनानं सिद्ध झालंय, एका रात्रीत चार किलो वजन सुरक्षित उतरतं.’ पुढं सहा मुद्दे. घाम म्हणजे वितळलेली चरबी, म्हणून अंगाला प्लॅस्टिक गुंडाळून पळा. चोवीस तास पाणी बंद ठेवा आणि लघवीची गोळी घ्या. वजन झाल्यावर सलाइन लावा, दोन तासांत सगळं जागेवर. खालच्या गटात उतरणाराच जिंकतो. उपाशी पैलवान जास्त आक्रमक होतो, त्याचं मन कणखर बनतं. आणि अमन सेहरावतनं दहा तासांत साडेचार किलो उतरवून ऑलिंपिक पदक आणलं, त्यामुळं धोका वगैरे सगळी भीती खोटी.

कुठल्या विद्यापीठाचं संशोधन, कुणी केलं, कधी केलं, याचा एका अक्षरानं उल्लेख नाही.

त्याच रात्री गाडी काढून बहिणीकडं गेलो. पोरगं स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसलं होतं. अंगात रेनकोट, त्यावर ट्रॅकसूट, वर कानटोपी. शेजारी पाण्याची रिकामी बाटली आणि तो तिच्यात थुंकत होता. थुंकून वजन उतरवायचं म्हणे. "दादा, सकाळपासनं पाण्याचा घोट घेतला न्हाई त्यानं," बहीण म्हणाली. ओठांवर पांढरे पापुद्रे आले होते. हाताच्या मागची कातडी मी चिमटीत धरून सोडली, तर ती लगेच खाली बसेना. मी नाव घेऊन हाक मारली, उत्तर यायला दोन-तीन सेकंद लागले. हे मी या डोळ्यांनी पाहिलंय, म्हणून सगळ्यात आधी त्या प्लॅस्टिकबद्दल आणि पाणी तोडण्याबद्दल लिहितो. बाकीचे मुद्दे मागाहून.

घाम म्हणजे चरबी नव्हे. घाम म्हणजे पाणी आणि मीठ. एक किलो चरबी जाळायला साधारण ७७०० किलोकॅलरी खर्च व्हाव्या लागतात. साडेतीन किलो म्हणजे सत्तावीस हजार. एवढ्या कॅलरी वाढत्या वयाचा पोरगा नऊ-दहा दिवसांत खातो, आणि तेवढ्या एका रात्रीत जाळायच्या? शिवाय चरबी जळते तेव्हा तिचा बहुतेक भाग कार्बन डायऑक्साइड होऊन श्वासावाटे बाहेर पडतो, घामावाटे नाही. काट्यावर जे कमी दिसतं ते पाणी असतं, आणि त्यातलं काही रक्तातलं असतं.

आता प्लॅस्टिक. घाम आल्यानं अंग थंड होत नाही, घाम वाळल्यानं होतं. रेनकोटच्या आत घाम वाळूच शकत नाही. तो नुसता निथळत राहतो, आणि शरीराला वाटतं अजून थंड करायला पाहिजे, म्हणून आणखी घाम. पाणी संपत जातं, रक्त दाट होत जातं, हृदयाला तेच रक्त जोरानं फिरवावं लागतं, आणि आतलं तापमान चढत राहतं. कातडीकडं रक्त पाठवायचं की राबणाऱ्या स्नायूंकडं, अशी ओढाताण सुरू होते. एका टप्प्याला शरीर दोन्ही सोडून देतं.

ज्यांना संशोधनच हवंय त्यांनी हे वाचावं. अमेरिकेतल्या रोग नियंत्रण केंद्रानं, म्हणजे सीडीसीनं, २० फेब्रुवारी १९९८ च्या आपल्या साप्ताहिक अहवालात तीन मृत्यूंची नोंद छापली. तिघंही महाविद्यालयीन कुस्तीगीर. वयं १९, २२ आणि २१. राज्यं नॉर्थ कॅरोलायना, विस्कॉन्सिन आणि मिशिगन. ७ नोव्हेंबर ते ९ डिसेंबर १९९७, म्हणजे ३३ दिवसांत तिघं गेले. तिघांनीही खाणंपिणं तोडलं होतं, वाफ बाहेर न सोडणारा सूट आत घातला होता, आणि गरम खोलीत व्यायाम चालू ठेवला होता. १९ वर्षांच्या पोराला बारा तासांत १५ पौंड, म्हणजे जवळजवळ सात किलो उतरवायचं होतं. बराच भाग उतरवून त्यानं थोडी विश्रांती घेतली आणि मध्यरात्रीनंतर पुन्हा सुरू केलं. तासाभरानं तो पार थकला, त्याला बोलता येईना, आणि हृदय बंद पडलं.

पण मला झोप लागू दिली नाही ती दुसऱ्या पोराची नोंद. विस्कॉन्सिनच्या त्या २२ वर्षांच्या पोराला चार तासांत उतरवायचे होते फक्त चार पौंड. १.८ किलो. आमच्या मेसेजमधल्या ‘सुरक्षित’ चार किलोच्या निम्म्याहून कमी. भाच्याला उतरवायचे होते साडेतीन.

शालेय आणि महाविद्यालयीन कुस्तीत वजन उतरवताना झालेल्या मृत्यूंची राष्ट्रीय पातळीवर नोंद १९८२ पासून ठेवली जात होती, आणि हे त्यातले पहिले तीन. त्यानंतर तिथल्या महाविद्यालयीन क्रीडा संघटनेनं १९९८ मध्येच प्लॅस्टिक-रबरचे सूट, सॉना म्हणजे घाम काढणारी गरम खोली, आणि लघवीच्या गोळ्या यांवर बंदी घातली, वजन करायची वेळ लढतीच्या अगदी जवळ आणली, आणि हंगामाआधी लघवी तपासून पाणी पुरेसं असेल तरच सगळ्यात खालचा गट ठरवायचा नियम केला. तीन घरातली पोरं गेल्यावर जे थांबवलं, ते आपण ‘संशोधनानं सिद्ध’ म्हणून पंधरा वर्षांच्या पोरांना पाठवतोय. पाठवणाऱ्याला एवढंच विचारतो, तुमच्या घरातलं पोरगं या गटात लढतंय का?

गोळीबद्दल दुकानदार म्हणून सांगतो. ती फ्युरोसेमाइड. हृदय कमजोर झालेल्या, पायाला सूज आलेल्या, फुप्फुसात पाणी झालेल्या माणसांना डॉक्टर ती देतात, आणि देताना पोटॅशियमवर नजर ठेवतात. कारण ती पाण्याबरोबर पोटॅशियमही बाहेर काढते, आणि पोटॅशियम फार घसरलं की हृदयाचे ठोके चुकायला लागतात. आधीच सुकलेल्या, तापलेल्या पोराला ती देणं म्हणजे काय ते वेगळं सांगायला नको. चिठ्ठीशिवाय मागायला येणाऱ्याला कुठल्याही औषधवाल्यानं ती देऊ नये. आणि जो मेसेज पैलवानांचं भलं करायला निघालाय त्याला एवढंही माहीत नाही की फ्युरोसेमाइडसारखी लघवी वाढवणारी औषधं जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेच्या यादीत कायमची बंदीत आहेत, स्पर्धा असो वा नसो. सलाइनचंही तेच. रुग्णालयातल्या खऱ्या उपचारांचा अपवाद सोडला तर बारा तासांत १०० मिलिलिटरपेक्षा जास्त शिरेतून घेणं नियमबाह्य. साधी बाटली ५०० मिलिलिटरची असते. म्हणजे सांगितलेली दोन्ही औषधं पोराला स्पर्धेबाहेर काढणारी.

‘दोन तासांत सगळं जागेवर’ हेही खोटं. अमेरिकन कॉलेज ऑफ स्पोर्ट्स मेडिसिननं १९९६ मध्ये कुस्तीगीरांच्या वजनाबद्दल जे निवेदन काढलं त्यात म्हटलंय की गेलेलं पाणी आणि क्षार पूर्ववत व्हायला २४ ते ४८ तास लागतात, स्नायूंमधला ग्लायकोजेनचा, म्हणजे साखरेच्या इंधनाचा, साठा भरायला ७२ तासांपर्यंत. व्यावसायिक बॉक्सिंगमध्ये किंवा एमएमए म्हणजे मिश्र मार्शल आर्ट्समध्ये वजन आदल्या दिवशी होतं, तिथल्या गोष्टी उचलून कुणीतरी कुस्तीला चिकटवल्यात. जागतिक कुस्तीत २०१८ पासून वजन लढतीच्याच सकाळी होतं, आणि दुसऱ्या दिवशी लढत असेल तर दुसऱ्या सकाळी पुन्हा. पाणी पोटात जाणं वेगळं आणि अंगी लागणं वेगळं.

खालच्या गटात उतरणारा जिंकतो, या मुद्द्यात थोडं तथ्य आहे, ते मान्य करतो. जूदोच्या खऱ्या स्पर्धांवर झालेल्या एका अभ्यासात पदक मिळवणाऱ्यांनी वजनानंतर जास्त वजन परत मिळवलेलं दिसलं. पण तशीच मोजणी वरच्या दर्जाच्या हौशी बॉक्सिंगमध्ये केली तेव्हा वजन परत मिळवणं आणि जिंकणं यांचा संबंध सापडला नाही. म्हणजे कुठं दिसतं, कुठं दिसत नाही. यातून ‘उतरणाराच जिंकतो’ असा नियम निघत नाही. आपल्या खाशाबा जाधवांचंच बघा. १९४८ ला लंडनला ते फ्लायवेटमध्ये, ५२ किलोत उतरले आणि सहावे आले. १९५२ ला हेलसिंकीला बँटमवेटमध्ये, ५७ किलोत उतरले आणि कांस्य आणलं. गट वाढवला म्हणूनच पदक मिळालं असं मी म्हणत नाही, मधे चार वर्षांचा घाम आणि अनुभव होता. पण गोळेश्वरच्या त्या पैलवानाचा फोटो ज्या भिंतीवर आहे तिच्याखाली बसून पोरांना ‘खालीच उतर’ म्हणून सांगणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवावं.

उपाशी पैलवानाचं मन कणखर होतं म्हणे. वजन झटपट उतरवलेल्या कुस्तीगीरांच्या मनःस्थितीची मोजमापं झालीयत. त्यांत ताण, चिडचिड, थकवा आणि गोंधळ वाढलेला दिसतो, उत्साह घटलेला दिसतो. महाविद्यालयीन कुस्तीगीरांवरच्या १९९८ च्या एका अभ्यासात तर थोड्या वेळापुरतं लक्षात ठेवण्याची क्षमताही घसरली होती, पाणी-अन्न मिळाल्यावर ती परत आली. वस्तादांनी बाहेरून ओरडून सांगितलेला डाव पोराच्या डोक्यात दोन सेकंदही टिकणार नसेल तर त्या चिडीचं करायचं काय? चीड आणि जिद्द एक नव्हे, हे तालमीत उभं राहिलेल्या कुणालाही कळतं.

राहिला अमन. त्यानं ते केलं, हे खरं आहे. ८ ऑगस्ट २०२४ च्या संध्याकाळी पॅरिसला उपांत्य लढत हरल्यावर त्याचं वजन ६१.५ किलो होतं, पहाटे ते ५६.९ झालं, आणि ५७ किलोत त्यानं कांस्य जिंकलं. त्या पोराच्या जिगरीला माझा दंडवत आहे. पण मेसेजमध्ये काय गाळलंय ते बघा. तो २१ वर्षांचा. रात्रभर दोन प्रशिक्षक शेजारी. सॉना पाच-पाच मिनिटांचा, मधे विश्रांती. आणि पाणी बंद नव्हतं, लिंबू-मध घातलेलं कोमट पाणी आणि थोडी कॉफी त्याला दिली जात होती, असं त्याच्या प्रशिक्षकांनीच सांगितलं. घरी एकट्यानं रेनकोट घालून, पाण्याला शिवायचं नाही म्हणून थुंकत बसलेल्या पोराशी याची बरोबरी कशी करता?

आणि त्याच आठवड्यात, त्याच ऑलिंपिकमध्ये विनेश फोगाट होती. तिचं नाव या मेसेजमध्ये नाही. ६ ऑगस्टला तिनं जपानच्या ऑलिंपिक विजेत्या युई सुसाकीसारखीला हरवून अंतिम फेरी गाठली. तिन्ही लढतींनंतर वजन ५० किलोच्या गटापेक्षा २.७ किलो जास्त भरलं. तीही रात्रभर झोपली नाही, केस कापले, आणि सकाळी काट्यावर १०० ग्रॅम जास्त. अपात्र. त्यानंतर तिला शिरेतून पाणी द्यावं लागलं. ज्या जपानी रेई हिगुचीनं अमनला हरवून त्या गटातलं सुवर्ण नेलं, तोही २०२१ च्या ऑलिंपिक पात्रता स्पर्धेत ५० ग्रॅमनं काट्यावर बाद झाला होता. ही जगातली सर्वोत्तम माणसं आहेत, त्यांच्या हाताशी डॉक्टर आहेत, आणि तरी काटा त्यांचं ऐकत नाही. एक यशस्वी रात्र दाखवून बाकीच्या रात्री लपवणं याला संशोधन म्हणत नाहीत.

वजन कधीच उतरवू नये असं मी म्हणत नाही. गट आहेत म्हणजे वजनाचा हिशेब आलाच. पण त्याच अमेरिकन महाविद्यालयीन नियमांत आठवड्याला शरीराच्या वजनाच्या दीड टक्क्यापेक्षा जास्त उतरवायला परवानगी नाही. भाच्याचं वजन ५१.५ किलो. म्हणजे आठवड्याला पाऊण किलोच्या आसपास, आणि ४८ ला यायला साडेचार-पाच आठवडे, तेही अंगावर तेवढी चरबी असेल तर. त्याच्या अंगावर ती नाहीच. आणि वाढत्या वयात ते करावंच का, हा प्रश्न वेगळा. ५१ किलोचा गट अर्ध्या किलोवर होता. त्या मेसेजमुळं त्याला तो दिसलाच नाही.

त्या रात्री रेनकोट काढला, मीठ-साखरेचं पाणी घोटा-घोटानं पाजलं, पहाटे दोनला पोराला लघवी झाली तेव्हा बहीण रडली. सकाळी मी त्याच्या वस्तादांना भेटलो. भला माणूस. मेसेज त्यांनीही पाहिला होता, पण कुणी पोरगं खरंच करंल असं त्यांना वाटलं नव्हतं. त्यांनी फोन करून त्याचं नाव ५१ मध्ये घातलं आणि तालमीतल्या सगळ्या पोरांचे रेनकोट स्वतः गोळा केले. अर्धा किलो त्यानं बुधवारी दिवसभर मीठ, लोणचं, पापड सोडून आणि रात्रीचं जेवण हलकं करून उतरवला, पाणी पीत पीत.

गुरुवारी तो दुसऱ्या फेरीत हरला. संध्याकाळी फोनवर म्हणाला, "मामा, त्यो माझ्यापेक्षा ताकदीचा नव्हता, त्याचा पट लय जलद हुता. मला दिसलाच न्हाई." आता रोज पहाटे पट, म्हणजे पाय धरून पाडायचा डाव, सोडवायचा सराव चाललाय.