जुनी बोर्दो म्हणजे उत्तम बोर्दो नव्हे

‘रेड वाइन जितकी जुनी तितकी चांगली, म्हणून बोर्दोची कोणतीही बाटली घ्या आणि कपाटात ठेवा, चव आणि किंमत दोन्ही वाढतील, तळाशी गाळ दिसला तर मात्र ती नासली समजा, आणि पिण्याआधी चार तास उघडून ठेवा’, असा सल्ला सध्या सर्वत्र फिरतो आहे. जुन्या बोर्दोवर, म्हणजे फ्रान्समधल्या बोर्दो प्रदेशातल्या जुन्या वाइनवर, माझा जीव आहे, म्हणूनच यातील एकही मुद्दा मला मान्य करवत नाही.

मुरणे वेगळे आणि नुसते म्हातारे होणे वेगळे. बोर्दोतील बहुतेक रेड वाइन काही वर्षांतच प्यायची असते. दीर्घकाळ मुरायला लागणारे टॅनिन (तोंड कोरडे करणारा तुरट घटक), आम्लता आणि फळाचा भरीव गाभा तिच्यात नसतो. बोर्दोच्याच मेदोक भागातील नामांकित शातोंची, म्हणजे वाइन बनवणाऱ्या मळ्यांची, काबर्ने सोव्हिन्यों या द्राक्षावर उभी असलेली वाइन वीस-तीस वर्षे सहज टिकते, पण तीही पिकाचे वर्ष पाहून. 1982 च्या उत्तम बाटल्या आजही ताठ उभ्या आहेत. 2013 मध्ये मात्र थंड, ओल्या वसंतामुळे फुलोरा बिघडला आणि पुढे द्राक्षांना कुजीने गाठले, तेव्हा लेबलवरचे मोठे नावही फारसे उपयोगी पडले नाही.

कपाटाचा सल्ला सर्वांत घातक आहे. या वाइनला 12-13 अंशांची स्थिर, अंधारी जागा लागते. पुण्या-नागपूरच्या मे महिन्यात बंद कपाटात ती अक्षरशः शिजते. म्हणून जुनी बाटली घेताना ती इतकी वर्षे कुठे होती, हे आधी विचारावे आणि मग ती उजेडात धरून पातळी पाहावी. वीस वर्षांच्या बाटलीत वाइन मानेच्या तळापर्यंत असेल तर ठीक. खांद्याच्या मध्यापर्यंत उतरली असेल, तर कॉर्कमधून हवा शिरल्याची दाट शंका घ्यावी. किमतीचे म्हणाल, तर 2010 ची वाइन पिंपात असतानाच 2011 मध्ये चढ्या भावाने विकली गेली, लगेच बाजार उतरला आणि कित्येक खरेदीदारांचे पैसे वर्षानुवर्षे अडकले.

गाळ हा दोष नाही. टॅनिन आणि रंगद्रव्ये कालांतराने एकमेकांना जोडली जाऊन जड होतात आणि तळाशी बसतात. बाटली आदल्या दिवशी उभी ठेवावी, मानेखाली मेणबत्ती धरून वाइन एका संथ धारेत दुसऱ्या भांड्यात ओतावी आणि काळपट रेघ मानेकडे सरकताच हात थांबवावा. नासलेली वाइन नाकाला कळते: ओल्या पुठ्ठ्याचा किंवा व्हिनेगरचा वास येतो.

चार तासांची हवा तरुण, कडक वाइनला मानवते. तीस-चाळीस वर्षांच्या वाइनमधला देवदार, तंबाखू आणि चामड्याचा नाजूक गंध तेवढ्या वेळात उडूनही जाऊ शकतो. तिचा पहिला घोट ओतल्या ओतल्या घ्यावा, ग्लास तिरका धरून कडेचा विटकरी रंग पाहावा आणि पुढच्या अर्ध्या तासात ती कशी उलगडते ते ग्लासातच अनुभवावे.