तिंग्रीच्या लेखावरच्या प्रतिक्रियेला उत्तर

काका (तुम्हीच स्वतःला तसं म्हणवून घेतलंत, म्हणून),

तिबेटमधल्या तिंग्रीच्या भूकंपावरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलंत: "मी लातूरचा. किल्लारी डोळ्यांनी पाहिलंय. चीनने लगोलग तंबू, जेवण, डॉक्टर पोहोचवले. मेलेल्या माणसांत तिबेटी-चिनी कसलं करता? आणि युशूत १०,००० गेले, हे कुठून आणलंत?"

शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण तिथे चूक माझी आहे. १४ एप्रिल २०१० च्या युशूच्या (चीनच्या छिंगहाई प्रांतातला तिबेटी वस्तीचा भाग) भूकंपात सरकारी नोंदीप्रमाणे २,६९८ माणसं गेली, २७० बेपत्ता राहिली. दहा हजार हा तिबेट्यांच्या तोंडून येणारा अंदाज. तो तसा न सांगता मी छातीठोकपणे लिहून मोकळा झालो.

मदतीचंही मान्य. ७ जानेवारी २०२५ च्या सकाळी तिंग्री हादरलं. ढिगाऱ्यातून चारशेहून अधिक लोकांना जिवंत काढलं, असं चीन सांगतो. समुद्रसपाटीपासून ४,००० मीटरच्या वर, रात्री पारा उणे १८ पर्यंत उतरलेला. तिथे उबदार तंबू वेळेत गेले नसते तर थंडीनेच कितीजण घेतले असते. त्या जवानांच्या कष्टाला मी नावं ठेवलेली नाहीत, लेख पुन्हा वाचा.

पण किल्लारी पाहिलंय म्हणता, तर थोडं आठवा. १९९३, विसर्जनाची रात्र, आणि पहाटे चारच्या आत माळवदं अंगावर आली. (तिंग्रीतही तीच माती-दगडाची, सपाट धाब्याची घरं.) नंतर तिथे कोण आलं नव्हतं? वार्ताहर आले, संस्था आल्या, भाकऱ्यांचे ट्रक आले, नुसते बघेही आले. मग नवं गाव कुठे बसवायचं, कोणाला केवढं घर, यादीतून कोणाचं नाव गळलं, यावरून माणसं साहेबांच्या टेबलावर हात आपटून भांडली आणि ते पेपरात छापून आलं. राजकारणच होतं ते. त्याला कोणी देशद्रोह म्हणालं नाही.

तिंग्रीत हे होऊ शकत नाही. तिबेट स्वायत्त प्रदेशात परदेशी पत्रकाराला खास परवानगीशिवाय पाऊल टाकता येत नाही. १२६ मृत हा आकडा पहिल्याच संध्याकाळी आला आणि तिथेच थांबला. तो खोटा आहे असं मी म्हणत नाही. तो पडताळून बघायची सोय नाही, एवढंच म्हणतो.

युशूत काय झालं बघा. आजूबाजूच्या मठांतले शेकडो भिक्खू धावले, नुसत्या हातांनी विटा उपसल्या. तिबेट्यांत मृतदेह गिधाडांना देण्याची रीत. पण प्रेतं इतकी होती की गिधाडं पुरणार नाहीत म्हणून डोंगरउतारावर सामुदायिक दहन करावं लागलं. त्यानंतर या भिक्खूंना परत जायला सांगितलं गेलं. दलाई लामांचा जन्म त्याच छिंगहाई प्रांतातला. त्यांनी तिथे जाऊन लोकांना धीर द्यायची इच्छा बोलून दाखवली, परवानगी मिळाली नाही. शोगदुंग या नावाने लिहिणारा तिबेटी लेखक आणि त्याच्या काही सहकाऱ्यांनी पत्र काढलं: भरवसा नसलेल्या हाती पैसे देऊ नका, स्वतः नेऊन पोचवा. आठवड्याभरात शोगदुंगला अटक झाली. त्यामागे त्याचं आधीचं पुस्तकही असावं, पण वेळ बघा.

"तुमचा राग चिन्यांवर आहे" असंही म्हणालात. मग २००८ चा चीनच्या सिचुआन प्रांतातला भूकंप घ्या. शाळांच्या इमारती कोसळून मेलेली मुलं बहुतेक चिनीच होती. त्यांची नावं सरकार देईना, म्हणून आय वेवे या चिनी कलावंताने माणसं गावोगाव पाठवून पाच हजारांवर नावं गोळा केली. ते काम करणाऱ्यांना पोलिसांनी अडवलं, धरून नेलं. त्या आईबापांसाठीही मी हेच लिहिलं असतं.

आता तिबेटी का, ते सांगतो. आमच्या गावात थंडीत स्वेटरचा तिबेटी बाजार लागतो. त्या जानेवारीत मफलर घ्यायला गेलो होतो. दुकानातली बाई घड्या घालता घालता मोबाईलकडे बघत होती, तोच व्हिडिओ परत परत: पडकी भिंत, बर्फ, एक याक. तिची आजी तिंग्रीकडची. मावशीचं कुटुंब अजून तिकडेच. "फोन लागला का?" विचारलं. म्हणाली, "पहले वीचॅट पे बात होती थी, भैया." वीचॅट म्हणजे निरोपा-बोलण्याचं चिनी ॲप. जून २०२० मध्ये आपल्या सरकारने बंदी घातलेल्या ५९ ॲप्समध्ये तेही होतं. गलवाननंतरचा तो निर्णय मला पटलेला होता, अजूनही पटतो. पण त्यात हिचा मावशीशी संपर्क तुटला, हे माझ्या डोक्यातही आलं नव्हतं. आणि फोन लागला तरी परदेशातल्या नातेवाइकाशी बोलल्याबद्दल तिकडच्यालाच चौकशीला तोंड द्यावं लागेल, या भीतीने ती स्वतःहून लावत नव्हती. मफलरचे पैसे तिने दोनदा मोजले, दोन्ही वेळा चुकले.

त्या बाईला तंबू नको होता. मावशीचं नाव यादीत आहे की नाही, ते हवं होतं. माझी मागणीही तेवढीच आहे: मृतांची नावनिशीवार यादी, पत्रकारांना आणि बाहेरच्या मदत संस्थांना वाट, आणि नातेवाइकांशी बोलल्याबद्दल कोणाला त्रास नाही. किल्लारीच्या माणसाला यात राजकारण दिसत असेल, तर दिसू दे.

युशूच्या आकड्याची दुरुस्ती मूळ लेखात केली आहे, तुमच्या प्रतिक्रियेचा उल्लेख करून.