मशीन उभी आहे, तर शिकवायची वेळ हीच

लघुउद्योजकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मेसेज पुन्हा फिरतोय : ‘ऑर्डर घटल्या की सगळ्यात आधी ट्रेनिंग बंद करा.’ खाली चार कारणं. चारही मला चुकीची वाटतात, आणि त्यांवर विश्वास ठेवून निर्णय घेतले जातात म्हणून हे लिहितोय.

‘मंदीत परवडत नाही.’ मुळात हिशेबच चुकलाय. ट्रेनिंगमध्ये खरी किंमत मोजावी लागते ती मशीन आणि माणूस उत्पादनातून बाजूला काढण्याची. तेजीत डिस्पॅचची घाई असताना कोणता सुपरवायझर व्हीएमसी (धातू कापणारी संगणकचलित मशीन) दोन तास शिकण्यासाठी मोकळी सोडेल? मंदीत तीच मशीन उभी असते. पगारही पूर्ण वाचत नाही. ५० किंवा अधिक कामगारांच्या कारखान्यात ले-ऑफ दिला, म्हणजे काम नाही म्हणून माणसाला तात्पुरतं घरी बसवलं, तरी वर्षभर सेवा झालेल्या कामगाराला साधारणपणे मूळ पगार आणि महागाई भत्त्याच्या ५० टक्के भरपाई द्यावी लागते.

२००८मध्ये अमेरिकेत मोठ्या पिकअप ट्रकची मागणी कोसळली. टोयोटाने टेक्सास आणि इंडियानातलं ट्रकचं उत्पादन ऑगस्टपासून तीन महिने थांबवलं, पण कायम कामगारांना घरी न पाठवता त्या काळात ट्रेनिंग दिलं. ‘ती टोयोटा, आपलं काय?’ हा प्रश्न रास्त आहे. जर्मनीने २००९मध्ये त्याचं उत्तर सरकारी पातळीवर दिलं : कमी तासांवर ठेवलेल्या कामगारांना त्या वेळात ट्रेनिंग दिलं, तर मालकाला त्या कमी झालेल्या तासांवरच्या सामाजिक विम्याच्या हप्त्यांची पूर्ण भरपाई मिळे. आपल्याकडच्या उद्योजक संघटनांनी अशी मागणी लावून धरायला हवी.

‘शिकवलं की सोडून जातात.’ काही जातात, खरं आहे. पण मंदीत शेजारची कंपनीही भरती करत नसते. आणि न शिकवलेला माणूस थांबला, तर त्याचं काय? जॉब (घडवायचा सुटा भाग) लावायचा, सायकल स्टार्ट दाबायचं, एवढंच त्याला येतं. सेटर, म्हणजे प्रत्येक कामासाठी मशीन लावून देणारा माणूस, रजेवर गेला की मशीन उभी. नाहीतर ऑपरेटर स्वतःच धाडस करतो, चुकीचा ऑफसेट (टूल नेमकं कुठे आहे ते मशीनला सांगणारा आकडा) टाकतो आणि टूल जॉब पकडणाऱ्या फिक्स्चरमध्ये घुसतं. टूल फिरवणाऱ्या स्पिंडलच्या दुरुस्तीचं बिल ज्याने भरलंय, त्याला मी आणखी काय सांगू?

‘काम करता करता माणूस शिकतोच.’ शिकतो, पण ग्राहकाच्या मालावर आणि जुन्या माणसाच्या चुकांसकट.

‘मंदी संपली की तयार माणसं मिळतात.’ तेव्हा सगळ्यांनाच एकाच वेळी हवी असतात. २०२०च्या लॉकडाऊननंतर माणसं शोधताना किती धावपळ झाली, ते आठवा. शिवाय जुनंच काम परत येईल याची खात्री नसते. २०१९मध्ये वाहनउद्योग मंदीत होता आणि १ एप्रिल २०२०पासून वाहनांच्या धुरासाठीचं बीएस-६ हे नवं मानक लागू झालं. बहुतेक दुचाकींचा कार्ब्युरेटर गेला, फ्युएल इंजेक्शन आलं. मंदीपूर्वी जे हात कार्ब्युरेटरच्या कामात तरबेज होते, त्यांच्यासमोर नंतर वेगळंच काम होतं.

हॉटेलातली प्रेरणादायी व्याख्यानं मात्र खुशाल बंद करा. जिथे पगारच थकलेत, तिथे आधी पगार द्या. पण जुन्या सेटरने उभ्या मशीनवर दोन ऑपरेटरना ड्रॉइंग वाचायला आणि ऑफसेट द्यायला शिकवायचं, तर त्यासाठी वेगळा चेक फाडावा लागत नाही.