मी काय पेटी आहे, उचलून ठेवायला?

गणपतीतल्या आमच्या एकांकिकेबद्दल आठ दिवस फोन येताहेत. सगळ्यांचं एकच, "अहो, डोळ्यांत पाणी आलं हो!" आता खरं सांगू? एकांकिका विनोदी होती.

इंदूरच्या रामबागेतल्या आम्हा हौशी मंडळींचा यंदाचा संच बारा जणांचा. त्यातले पाच अपंग. (दिव्यांग म्हणा, मला भांडायचं नाही. आमचा अंध नट स्वतःला सरळ आंधळा म्हणवतो, वर "दिव्य-बिव्य काही दिसत नाही बुवा मला" असंही ऐकवतो.)

मराठी नाटकाला अपंग पात्रं नवी नाहीत. फार्समधला बहिरा आजोबा आणि तोतरा नोकर पिढ्यानपिढ्या हशे वसूल करताहेत. फक्त ती कामं करणाऱ्यांना नीट ऐकू येतं आणि नीट बोलता येतं. नाट्यदिग्दर्शक स्वागत थोरातांनी दृष्टिहीन कलावंतांना घेऊन नाटकं उभी केली, पण असे किती? आम्ही ठरवलं, आपल्या एकांकिकेतली बहिरी सून खरोखर बहिरी असेल. मग संहिताच बदलली. घरातले सगळे तिच्याशी मोडक्यातोडक्या खुणांनी बोलतात, सासूबाई चहा विचारायला जातात आणि हातांनी भलतंच काही बोलून बसतात. त्यावर सून नवऱ्याला खुणेनं जे सुनावते, ते प्रयोगात फक्त उजवीकडच्या तीन प्रेक्षकांना कळलं. ते तिघं खो-खो हसले आणि बाकीचे एकमेकांकडे बघत बसले. अख्ख्या प्रयोगात मला हीच जागा सगळ्यात आवडली.

अंध नटासाठी तालमीत सतरंजीखाली सुतळी ताणून चिकटवली होती. पायाला लागली की थांबायचं, गाठ लागली की वळायचं. दुसऱ्या आठवड्यात डोळस मंडळीही सुतळीवरच उभी राहू लागली, आणि आमच्याकडे कोणी कोणाला झाकत नाही हे पहिल्यांदाच घडलं.

चूक माझीही झाली. पहिले दहा दिवस मी सात जणांना मनसोक्त झापलं आणि या पाचांना नुसतं "छान, छान". शेवटी व्हीलचेअरवरच्या ताई वैतागल्या, "दादा, माझं वाक्य रोज पडतंय. ऐकू येत नाही का तुम्हाला?" त्या दिवसापासून त्यांनाही झापतो. त्या उलट बोलतात. तालीम तालमीसारखी झाली.

मग सभागृह. "रॅम्प आहे ना," व्यवस्थापक म्हणाले. आहे, प्रेक्षकांच्या दारापर्यंत. म्हणजे अपंग माणूस नाटक बघायला येईल इथवर विचार झालेला. करायला येईल, हे कोणाच्या डोक्यातच आलं नाही. रंगमंचावर जायला विंगेतून सहा पायऱ्या. "चार पोरं उचलतील की," व्यवस्थापक. त्यावर ताई, "मी काय पेटी आहे, उचलून ठेवायला?"

2016 च्या अपंग हक्क कायद्यात, कलम 29 मध्ये, सांस्कृतिक जीवनात बरोबरीनं भाग घेण्याचा हक्क आहे. हे मी व्यवस्थापकांना मोबाइलवर दाखवलं. त्यांनी चहा मागवला.

आपणच उतार करू म्हटलं, तर सुताराने हिशेब मांडला. नियमाप्रमाणे एक फूट उंचीला बारा फूट लांबी. रंगमंच साडेतीन फूट, म्हणजे 42 फूट उतार. विंगेत कुठे मावणार? शेवटी रंगमंचच सोडला. खाली फरशीवर सतरंजी, तीन बाजूंना खुर्च्या. समितीतले एक काका अजून रुसलेत, "एवढं स्टेज असताना जमिनीवर नाटक? लोक काय म्हणतील!"

दिवाळीनंतर पुन्हा करतोय. विंगेपर्यंत उतार असलेलं सभागृह इंदुरात कोणाला माहीत असेल तर खाली लिहा. नसेल तर सतरंजी आहेच. आणि फोनवाल्यांनो, या वेळी सासूबाईंच्या हातांकडे बघा.